फुगवता डोम, ऑरोरा शो (फोंडा): ग्रहांचा भाग झकास, पृथ्वीचा भाग दुरुस्त करायला हवा

आधीच निकाल सांगते, म्हणजे ज्यांना पुढचं सगळं वाचायचं नाही त्यांचा वेळ जायला नको. मुलं पाचवी-सहावीच्या पुढची असतील तर हा शो नक्की दाखवा, माणशी दीडशे रुपये तिकीट आहे ते वसूल होतं, फक्त पहिली दहा मिनिटं कानावर येईल ते सगळं खरं धरू नका आणि आत वारा लागेल अशी अपेक्षा ठेवू नका. पाचपैकी साडेतीन. दीड कुठे गेला ते खाली आहे.

शो म्हणजे काय, तर फुगवता तारांगणाचा तंबू आणि आत ऑरोराची, म्हणजे ध्रुवांकडच्या देशांत रात्री आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशाची फिल्म. ब्लोअर लावून फुगवतात, आत चटया, मध्ये प्रोजेक्टर आणि फिशआय लेन्स, वर गोल छतावर चित्र. फोंड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या वाचनालयातर्फे ठेवला होता, एका वेळी तीसेक मुलं आणि आम्ही चार-पाच मोठी माणसं. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मंडळी तरुण आहेत, राबतात, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. गोव्यात डोम घेऊन फिरणारे फार नाहीत, एखाद्या शाळेत विचारलंत तर कळेल.

आत शिरायचं ते एका कापडी बोगद्यातून, वाकून. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी विचार करा, कारण आत खुर्ची नाही आणि तिकिटावर तसं लिहिलेलं पण नाही. मे महिना, फोंड्याचा दमट उकाडा, तीस पोरं आणि प्रोजेक्टरची गरमी, वीस मिनिटांत सगळे घामाघूम. ब्लोअर बाहेरची हवा आत ढकलतो पण ती बाहेरची हवा तरी कुठली गार. आणि ब्लोअरचा आवाज इतका की मागे बसलेल्यांना निवेदन अर्धंच ऐकू येत होतं. पुढे बसा, हा पहिला सल्ला.

आता विषयावर येते. शो पंचेचाळीस मिनिटांचा, नाव साधंच, ऑरोराबद्दल. फिल्म बाहेरून विकत घेतलेली आहे आणि तिच्यावर मराठीतून लाईव्ह निवेदन करते ती त्यांच्यातलीच एक मुलगी, पोरं तिला टीचर म्हणत होती म्हणून मी पण टीचरच म्हणते. आवाज चांगला, घाई नाही, मध्ये मध्ये कोंकणीत शिरते तेव्हा पोरं लगेच सावरून बसतात. नॉर्वेचं आकाश वर पसरलं तेव्हा तीसही तोंडं एकदम बंद झाली, हे मी बघितलंय.

पण याच जागी पहिली गडबड. निवेदन असं होतं की सूर्यावरून कण येतात, पृथ्वीचं चुंबक त्यांना उत्तर आणि दक्षिण ध्रुवाकडे ओढून घेतं, ते तिथे पडतात आणि आकाश उजळतं. हे आपण शाळेपासून ऐकत आलोय, पुस्तकांत पण असतं, चित्रात पण सूर्यापासून ध्रुवापर्यंत सरळ बाण काढलेला असतो. पण तसं असतं तर ऑरोरा सगळ्यात जास्त दुपारच्या बाजूला असायला हवा होता, कारण सूर्य त्या बाजूला आहे, आणि झगमगाट तर होतो रात्रीच्या बाजूला, मध्यरात्रीच्या आसपास. मी हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवायचे तेव्हा हा प्रश्न वर्गात टाकायचे आणि हुशार मुलं पण अडायची.

खरी गोष्ट लांबच्या वाटेने जाते आणि ती जास्त मजेशीर आहे. सूर्यवारा, म्हणजे सूर्यावरून सतत सुटणारे ते कण, सेकंदाला साधारण चारशे किलोमीटर वेगाने येतो, म्हणजे सूर्यापासून इथवर चारेक दिवस, आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला बहुतेक अडवतंच. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरी पाणी पुढे दाबत जाते आणि मागे लांब शेपूट सोडते ना, तसं सूर्याच्या बाजूला आपलं क्षेत्र दाबलं जातं आणि रात्रीच्या बाजूला लांबलचक ओढलं जातं, चंद्राच्या पलीकडेपर्यंत. सूर्यवाऱ्याबरोबर सूर्याचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र पण येतं आणि त्याची दिशा दक्षिणेकडे असली की ते आपल्या क्षेत्राच्या रेषांना जोडलं जातं, त्या रेषा ओढून मागच्या शेपटीत नेऊन ठेवतं. तिथे ताण साठत जातो. मग एका क्षणी शेपटीतल्या रेषा तुटून परत जोडल्या जातात, साठलेली ऊर्जा सुटते आणि कण उलटे, म्हणजे पृथ्वीच्या दिशेने, फेकले जातात. म्हणजे ऑरोरा आपल्याकडे पाठीमागून येतो, समोरून नाही. समोरून पण थोडे कण थेट आत शिरतात, दिवसाच्या बाजूला त्यांचा फिका ऑरोरा असतो, पण लोक नॉर्वेला जाऊन लाखो रुपये घालून जो बघतात तो हा नव्हे.

हे नुसतं तर्काने नाही कळलं. 2007 मध्ये नासाने थेमिस नावाचे पाच उपग्रह एकदम सोडले, एका रांगेत यावेत अशा कक्षांत, फक्त एवढं बघायला की आधी काय होतं, शेपटीत रेषा तुटतात की पृथ्वीजवळ काही बिघडतं. 2008 मध्ये उत्तर आलं, सुरुवात शेपटीत, चंद्राच्या अंतराच्या साधारण एक तृतीयांशावर, आणि त्यानंतर मिनिटा-दोन मिनिटांत ऑरोरा भडकला. आणि शेवटच्या टप्प्यात इलेक्ट्रॉनला धक्का कोण देतं, तर रेषांवरून पळणाऱ्या आल्फवेन लहरी देतात, हे 2021 मध्ये कॅलिफोर्नियात एका वीस मीटर लांबीच्या प्लाझ्माच्या (विद्युतभारित वायूच्या) यंत्रात प्रयोग करून दाखवलं. लहरीवर स्वार होऊन इलेक्ट्रॉन वेग घेतो. आता सांगा, हे मुलांना सांगितलं असतं तर त्यांना कंटाळा आला असता का? मला नाही वाटत. उलट फिल्ममध्ये शेपटीचं चित्र छान होतं, अगदी रेषा तुटून जोडल्या जातात ते पण दाखवलं होतं, आणि नेमकं त्याच वेळी निवेदन मात्र ध्रुवाकडे ओढण्याचंच चालू होतं. चित्र बरोबर, बोलणं चूक.

ध्रुवाचं पण तसंच. ऑरोरा ध्रुवावर नसतो, चुंबकीय ध्रुवाभोवती एक कडं असतं, शेपटीतून येणाऱ्या रेषांचे पाय जिथे जमिनीकडे उतरतात तिथे. म्हणून नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला झकास दिसतो आणि बरोबर ध्रुवावर जाऊन उभे राहिलात तर कमी दिसेल. शोमध्ये अंतराळातून दिसणारं हिरवं कडं दाखवलं, सुंदर दाखवलं, पण ते कडं का आहे, मधला भाग रिकामा का, हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि टीचरनेही आपणहून सांगितलं नाही.

रंगांचा भाग बरा होता. हिरवा म्हणजे ऑक्सिजनचा अणू, 557.7 नॅनोमीटर, शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवर. लाल पण ऑक्सिजनच, 630.0, पण दोनशे किलोमीटरच्या वर, कारण तो प्रकाश सोडायला अणूला जवळपास दोन मिनिटं शांतता लागते आणि खाली हवा दाट असल्यामुळे तेवढ्यात कोणीतरी येऊन आपटतंच. खालच्या कडेचा गुलाबी-जांभळा नायट्रोजनचा. हे सगळं टीचरने नीट सांगितलं, दोन मिनिटांचा भाग तर तिने इतका रंगवून सांगितला की एका पोराने उठून दम धरायचा प्रयत्न केला. फक्त छतावरचे रंग कॅमेऱ्याचे होते. डोळ्याला फिका ऑरोरा बऱ्याचदा करडा-पांढराच दिसतो, अंधारात आपल्या डोळ्याला रंग कमी कळतात. उद्या यातलंच कोणी पोर मोठं होऊन कर्ज काढून तिकडे जाईल आणि म्हणेल हे काय, म्हणून एवढं एक वाक्य हवं होतं.

मध्येच लाईट गेली. मे महिना म्हटल्यावर नवल नाही. लाईट गेली की ब्लोअर बंद आणि ब्लोअर बंद की डोम हळूहळू डोक्यावर बसायला लागतो, हे मला आधी लक्षातच आलं नव्हतं. घाबरण्यासारखं काही नाही, बसायला चांगली दोन-तीन मिनिटं लागतात, आणि या मुलांनी ते फार शांतपणे हाताळलं, बोगद्याची बाजू उचलून धरली आणि मुलांना रांगेत बाहेर काढलं. पण बॅकअप नव्हता. ठेवणार असाल तर जनरेटर आहे का ते आधी विचारा, तोंडी नको, लिहून घ्या.

ग्रहांचा भाग मात्र, काय सांगू, यासाठी मी परत पैसे देईन. इथे फिल्म आणि निवेदन दोन्ही जमलंय आणि सांगायची पद्धत पण वेगळी आहे. प्रत्येक ग्रहाला आधी फक्त चुंबक दाखवतात, ग्रह पारदर्शक करून आत एक पट्टीचुंबक, तो कुठे आहे, किती तिरका आहे, किती मोठा आहे, आणि मग विचारतात की आता ऑरोरा कुठे असेल, बोट करून दाखवा. पोरं अंधारात बोटं दाखवतात. मग उत्तर. सूर्य तोच, वारा तोच, पण चुंबक बदलला की सगळं चित्र बदलतं, हे न सांगता कळतं.

गुरूला त्यांनी सगळ्यात जास्त वेळ दिलाय आणि बरोबर केलंय. गुरूचा चुंबक पृथ्वीपेक्षा वीस हजार पट ताकदवान, आणि ग्रह दहा तासांच्या आत स्वतःभोवती एक चक्कर मारतो, एवढा अवाढव्य असून. तिथे ऑरोरासाठी सूर्याची वाट बघावी लागत नाही, कायम चालूच असतो. कारण आयो. त्या चंद्रावर ज्वालामुखी आहेत, 1979 मध्ये व्हॉयेजर 1 यानाच्या फोटोत सापडले, आणि तिथून सेकंदाला साधारण एक टन माल अवकाशात जातो, सल्फर, ऑक्सिजन. त्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतात आणि गुरूचं फिरणारं क्षेत्र त्यांना आपल्याबरोबर गरागरा ओढत नेतं, त्या ओढाताणीतून प्रचंड विद्युतप्रवाह तयार होतात, ते रेषांवरून गुरूच्या आकाशात उतरतात. म्हणजे इंधन चंद्राचं आणि इंजिन गुरूच्या फिरण्याचं, सूर्यवाऱ्याचा हात आहे पण दुय्यम. आणि सगळ्यात भारी म्हणजे गुरूच्या ऑरोरात आयोच्या पावलाचा ठिपका वेगळा दिसतो, चंद्र पुढे सरकतो तसा तो ठिपका सरकतो, युरोपा आणि गॅनिमीड या चंद्रांचे पण आहेत. हे ठिपके दाखवले तेव्हा माझ्या शेजारची एक बाई मोठ्याने म्हणाली "अगो बाई", आणि ते अगदी योग्य होतं.

एकच खटकलं, गुरूवरचा ऑरोरा निळाजांभळा दाखवला आणि तसाच सोडून दिला. हबल दुर्बिणीने तो अतिनील किरणांत टिपलाय, आपल्या डोळ्याला ते किरण दिसतच नाहीत, रंग नंतर भरलेला. जुनो यान 2016 पासून तिथे ध्रुवांवरून फेऱ्या मारतंय, त्याचे पण बरेच फोटो अतिनील किंवा अवरक्त. खोटं म्हणणार नाही मी त्याला, पण सांगायला हवं.

शनी पटकन उरकला आणि त्याचं काही वाईट वाटलं नाही. त्याच्या चुंबकाचा अक्ष आणि फिरण्याचा अक्ष जवळपास तंतोतंत एकच, कॅसिनी यानाने मोजलं तेव्हा फरक अंशाच्या शंभराव्या भागापेक्षा कमी निघाला, त्यामुळे कडं ध्रुवाच्या डोक्यावर नीटनेटकं बसतं. पृथ्वीच्या चुंबकाचा अक्ष फिरण्याच्या अक्षापासून नऊ-दहा अंश कललेला म्हणून आपलं कडं थोडं बाजूला. पोरांची बोटं इथे सगळ्यांची बरोबर आली.

युरेनसला सगळ्यांची चुकली. ग्रह आडवा पडून फिरतो हे माहीत असतं, पण त्याचा चुंबक त्या आडव्या अक्षापासून पुन्हा 59 अंश तिरका, आणि वर ग्रहाच्या केंद्रातही नाही, त्रिज्येच्या एक तृतीयांश बाजूला सरकलेला. 1986 च्या जानेवारीत व्हॉयेजर 2 जवळून गेलं तेव्हा हे कळलं आणि अजूनही त्याचं पूर्ण कारण जुळवायचं काम चालू आहे. त्यामुळे ऑरोरा ध्रुवावर नाही, भलत्याच ठिकाणी ठिपक्यांसारखा. पारदर्शक ग्रहात तो वाकडा सरकलेला चुंबक फिरताना बघणं हा पूर्ण शोमधला माझा सगळ्यात आवडता तुकडा. ग्रह एकदा फिरेपर्यंत त्याचं क्षेत्र सूर्यवाऱ्यासमोर कसंही उलटसुलट होत राहतं, हे कागदावर काढून शिकवायला मला नेहमी जड गेलंय.

नेपच्यूनचा भाग जुना आहे. निवेदनात आलं की तिथला ऑरोरा अजून नीट टिपलेला नाही. टिपलाय. वेब दुर्बिणीने जून 2023 मध्ये निरीक्षणं घेतली आणि मार्च 2025 मध्ये ती प्रसिद्ध झाली, सगळीकडे बातमी होती. तिथला चुंबक पण 47 अंश तिरका, म्हणून ऑरोरा ध्रुवाजवळ नसून मध्येच कुठेतरी, पृथ्वीवर दक्षिण अमेरिका जशा अक्षांशांवर आहे तसा. तीन हायड्रोजनच्या एका आयनाच्या खुणेवरून तो ओळखला. आणि वरची हवा, 1989 मध्ये व्हॉयेजर 2 ने मोजली होती त्या मानाने, खूप थंड झालेली आढळली, त्यामुळे इतकी वर्षं तो इतका फिका राहून हाती लागला नसावा. सगळ्यात ताजी बातमी आणि नेमकी तीच गाळली, म्हणून अर्धा तारा इथे गेला.

मंगळ छोटा पण छान. मंगळाला पूर्ण ग्रहाचं चुंबक आता उरलेलं नाही, दक्षिणेकडच्या जुन्या खडकांत तुकड्या-तुकड्यांनी अडकलेलं आहे, तर ऑरोरा पण तुकड्यांत, मार्स एक्सप्रेस यानाने ते ओळखलं त्याला वीसेक वर्षं झाली. दुसरा प्रकार असा की सूर्याकडून जोराचा मारा आला की कणांना वळवायला कोणी नसल्यामुळे पूर्ण आकाश एकदम फिकं उजळतं. मार्च 2024 मध्ये पर्सिव्हरन्स रोव्हरने मंगळाच्या जमिनीवरून तो हिरवा प्रकाश टिपला, तोच 557.7 वाला ऑक्सिजन. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवर उभं राहून डोळ्याला दिसू शकणाऱ्या प्रकाशातला ऑरोरा पहिल्यांदाच. हे शोमध्ये होतं, त्याबद्दल पूर्ण मार्क. म्हणजे मंगळाचं अपडेट केलं आणि नेपच्यूनचं विसरले.

गॅनिमीड नाही याचं मला वाईट वाटलं. स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असलेला एकमेव चंद्र, 1996 मध्ये गॅलिलिओ यानाने शोधलं, आणि त्याचा ऑरोरा गुरूच्या क्षेत्राबरोबर डोलतो. हिशेबाने सहा अंश डोलायला हवा होता, हबलने बघितलं तर दोनच अंश, कारण बर्फाखाली खारट पाण्याचा समुद्र आहे आणि तो आपलं क्षेत्र उभं करून विरोध करतो. 2015 ची गोष्ट. ऑरोरा बघून जमिनीखालचा समुद्र सापडला! यापेक्षा चांगली गोष्ट डोमसाठी कुठली असणार, आणि तिच्याऐवजी शेवटी सात-आठ मिनिटं बर्फाच्या डोंगरांतून रोलरकोस्टर. पोरं किंचाळली, खूश झाली, कबूल. माझं डोकं गरगरलं.

शो संपल्यावर बाहेर टेबलावर एक छोटा भाग असतो तो चुकवू नका, बरेच पालक चपला शोधत निघून गेले. चुंबक, लोखंडाचा कीस हे नेहमीचंच, पण त्यांनी आडव्या आसावर फिरणारी एक सुई बनवलीय, म्हणजे उत्तर-दक्षिण नाही, वर-खाली दाखवणारी. फोंड्यात ती जवळजवळ आडवीच राहते, उत्तर टोक थोडंसं खाली. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे ही सुई अगदी आडवी राहील ती रेषा, आपल्या दक्षिणेला, तमिळनाडूच्या टोकाजवळून जाते, केरळात थुंब्याला 1963 मध्ये रॉकेट तळ काढला तोही याच कारणाने. टीचरने सुईमागे बिर्कलंडची गोष्ट पण सांगितली, नॉर्वेचा शास्त्रज्ञ, निर्वात पेटीत चुंबक घातलेला गोळा ठेवून त्यावर इलेक्ट्रॉन सोडायचा आणि गोळ्यावर चमकणारी कडी उमटायची, शंभरेक वर्षांपूर्वी. रेषांवरून प्रवाह वाहतात हे तो तेव्हाच सांगत होता आणि बड्या लोकांनी मानलं नाही, उपग्रह वर गेल्यावर खरं निघालं. नॉर्वेने नंतर त्याला दोनशे क्रोनच्या नोटेवर बसवलं.

इथेच एका पोराने विचारलं, "टीचर, हें गोंयांतल्यान दिसतलें?" टीचर म्हणाली नाही, आपण ध्रुवापासून लांब आहोत. बरोबर, पण उत्तर समोरच्या सुईतच होतं ना! सुई आडवी म्हणजे आपल्या डोक्यावरची चुंबकीय रेषा पण आडवी. गोव्यातून निघणारी रेषा दोन-तीनशे किलोमीटरच्या वर जातच नाही, कमान करून दक्षिणेला विषुववृत्ताच्या आसपास समुद्रावर उतरते. आणि कण तर फेकले जातात लाखभर किलोमीटर लांबच्या शेपटीतून. तिथून आपल्यापर्यंत रेषाच येत नाही, मग कण येणार कसे. हे मी तिला नंतर बाजूला घेऊन सांगितलं, तिने लगेच वहीत लिहून घेतलं, मला आवडलं ते.

आपल्याकडे कधीच दिसत नाही असं मात्र नाही. 10-11 मे 2024 ला सूर्यावरून आलेल्या मोठ्या चुंबकीय वादळात लडाखच्या हान्लेहून क्षितिजाजवळ लाल पट्टा टिपला गेला, फोटो सगळ्यांनी बघितले असतील, तो उंचावरच्या ऑक्सिजनचा लाल. 4 फेब्रुवारी 1872 ला मुंबईतून ऑरोरा दिसल्याची नोंद आहे. आणि 1859 च्या सप्टेंबरमधलं कॅरिंग्टन वादळ, तेही असंच सूर्याचं, मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय मोजमापात नोंदलं गेलं, ते आकडे आजही जगभर वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने मोजमाप बिघडणार, म्हणून ते काम अलिबागला हलवलं, 1904 मध्ये. आता मराठी मुलांना नॉर्वेच्या जोडीने हे सांगायला काय हरकत आहे? त्याहून जास्त, वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, मैत्री आणि भारती ही अंटार्क्टिकावरची आपली स्टेशनं तिथून चालतात, हिवाळाभर तिथे राहणारी आपली माणसं दक्षिणेचा ऑरोरा डोक्यावर बघतात. पहिली मोहीम 1981 च्या डिसेंबरमध्ये निघाली ती गोव्यातूनच. त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर "गोव्यातून दिसत नाही, पण गोव्यातून जाऊन बघतात" असं देता आलं असतं. शोमध्ये यातलं अक्षर नाही. आपलं आदित्य-एल1 यान पण नाही, जे जानेवारी 2024 पासून पंधरा लाख किलोमीटरवर बसून हाच सूर्यवारा मोजतंय. बाहेरची फिल्म म्हणून सूट देईन, पण निवेदन तर यांचं स्वतःचं आहे.

ठेवायचा असेल तर कामाच्या गोष्टी. हॉलची उंची किमान चार मीटर लागते आणि छताचे पंखे मध्ये येतात, आमच्याकडे दोन पंखे उतरवावे लागले, इलेक्ट्रिशियन आपला. सकाळचा शो घ्या, दुपारी आत भाजून निघाल. पाच वर्षांखालची मुलं नकोत, आमच्यात दोघं अंधारात रडली आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या आया पण बाहेर. आजी-आजोबांसाठी दोन खुर्च्या आत ठेवता येतात असं नंतर कळलं, आधी विचारावं लागतं. पूर्ण दिवसाचं पॅकेज आहे, घासाघीस होते, चवथीच्या दिवसांत मंडळांनी आधीच बुक केलेला असतो. पैसे अर्धे आधी, यूपीआय चालतं, पावती मागितली तरच मिळाली.

फिल्म बदलणं आमच्या हातात नाही पण बोलणं बदलू, असं टीचर निघताना म्हणाली, आणि शेपटीचं चित्र येतं तिथे थांबून सांगायचं तिने ठरवलंय. मडगावचे शो पुढच्या महिन्यात आहेत. तुम्ही गेलात आणि अजूनही ध्रुवाकडे ओढून घेतं असंच ऐकू आलं तर हात वर करा आणि विचारा की मग तो रात्रीच्या बाजूला का दिसतो, आणि काय उत्तर आलं ते मला इथे खाली लिहून कळवा, मी साडेतीनचे चार करीन.